मेणवली येथील नाना फडणवीस वाडा : एका खेड्यातील निवासवास्तूचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

सातारा जिल्ह्यातील वाई शहराजवळ कृष्णाकाठी वसलेल्या मेणवली या लहान गावात पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचा अठराव्या शतकातील वाडा उभा आहे. या वाड्याचा उल्लेख बहुधा नानांच्या चरित्राचा एक आनुषंगिक तपशील म्हणून केला जातो. प्रस्तुत लेखात वाड्यालाच अभ्यासविषय मानून त्याची निर्मिती, रचना, सत्तांतरांच्या काळातील वाटचाल, तेथील दप्तराचे स्थलांतर आणि इनामपद्धती संपुष्टात आल्यानंतरची स्थिती यांचा विचार केला आहे. पेशवाईतील अनेक भव्य वास्तू नष्ट झाल्या असताना हा वाडा टिकला, याची कारणे केवळ बांधकामाच्या भक्कमपणात नसून मालकी हक्काची सलगता आणि निवासी वापर यांतही आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : वाडा, इनाम, फडणिशी, दप्तर, घाट, वास्तुवारसा

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासलेखनात किल्ल्यांना जे स्थान लाभले ते निवासी वास्तूंना लाभले नाही. किल्ला हा पराक्रमाचे प्रतीक मानला गेला, तर वाडा हा खासगी जीवनाचा भाग म्हणून दुर्लक्षिला गेला. वास्तविक अठराव्या शतकात मराठी सत्तेचा कारभार ज्या जागांमधून चालला त्यांत वाड्यांचे महत्त्व किल्ल्यांपेक्षा कमी नव्हते. हिशेब तपासणे, पत्रे लिहिणे, सनदा तयार करणे, वकिलांच्या भेटी घेणे, कर्जाची बोलणी करणे ही सर्व कामे वाड्यांतील दिवाणखान्यांत व दप्तरखान्यांत होत असत.

पुण्यातील वाड्यांविषयी बरेच लेखन झाले आहे. मात्र राजधानीपासून दूर, खेड्यात बांधलेल्या वाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. अशा वाड्यामागे एका इनामाची कथा असते आणि त्या वाड्याच्या आधाराने एखादे गाव आकाराला येते. पुढे सत्ता गेल्यावर त्या वाड्याचे काय होते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो. मेणवलीचा वाडा या तिन्ही दृष्टींनी अभ्यासण्याजोगा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. मेणवली वाड्याच्या निर्मितीची राजकीय व आर्थिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. वाडा, घाट व देवालये यांच्या रचनेतील परस्परसंबंध पाहणे.
३. इ. स. १८०० नंतर वाड्याच्या मालकीची वाटचाल तपासणे.
४. वाड्याशी निगडित लोकप्रिय समजुतींची कालक्रमाच्या आधारे छाननी करणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित साधनांतून मिळणारी माहिती आणि वास्तूचे दृश्य स्वरूप यांची सांगड घालण्यात आली आहे.

स्थान आणि ग्रामाची पार्श्वभूमी

मेणवली हे गाव वाईपासून सुमारे तीन किलोमीटर अंतरावर, धोमकडे जाणाऱ्या मार्गावर कृष्णा नदीच्या काठी आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा डोंगररांगांमधून बाहेर पडून या परिसरात काहीशी विस्तारते. वाई हे कृष्णाकाठचे प्राचीन तीर्थक्षेत्र आहे. पेशवाईत रास्ते घराण्याच्या आश्रयाने वाईला घाट आणि मंदिरे बांधली गेली. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी इ. स. १७६२ मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर हे त्यांपैकी सर्वांत परिचित होय. धोम येथील नरसिंह मंदिरही याच काळातील धार्मिक बांधकामांच्या परंपरेत मोडते. मेणवली ही वाई आणि धोम या दोन स्थानांच्या मध्ये येते. त्यामुळे नाना फडणवीसांनी निवडलेली जागा एकाकी नव्हती. पेशवाईतील धनिक व सत्ताधारी वर्ग ज्या नदीकाठावर आपली प्रतिष्ठा वास्तुरूपाने उभी करीत होता, त्याच काठावरील ती एक जागा होती.

इ. स. १७६८ च्या डिसेंबर महिन्यात औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून मेणवली गाव व तेथील जमीन नानांना मिळाली, अशी नोंद आहे. ही जमीन त्या वेळी बहुतांशी पडीक होती असे सांगितले जाते. नानांनी गाव वसवले, वाडा, घाट आणि दोन देवालये बांधली.

या नोंदीतील दोन गोष्टींकडे लक्ष देणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट कालाची आहे. इ. स. १७६८ मध्ये पेशवेपदावर थोरले माधवराव होते आणि नानांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. बारभाईंचे कारस्थान अद्याप सहा वर्षे दूर होते. म्हणजेच मेणवलीची देणगी 'मराठी राज्याच्या सूत्रधाराला' मिळालेली नसून पेशव्यांच्या दरबारातील एका तरुण फडणिसाला मिळालेली होती. दुसरी गोष्ट देणाऱ्यांची आहे. पंतप्रतिनिधी व मंत्री ही छत्रपतींच्या अष्टप्रधान परंपरेशी निगडित पदे होत. सत्तेचे केंद्र साताऱ्याहून पुण्याकडे सरकल्यानंतर या जुन्या पदाधिकाऱ्यांना पेशव्यांच्या दरबारात आपली कामे मार्गी लावण्यासाठी तेथील कारभाऱ्यांशी सलोखा राखणे आवश्यक झाले होते. फडणिसाच्या लेखणीखालून राज्याचा हिशेब जात असे. त्यामुळे या देणगीकडे केवळ औदार्य म्हणून न पाहता बदललेल्या सत्तासंबंधांचा पुरावा म्हणूनही पाहता येते.

वाड्याचा निर्माता आणि फडणिशीचे पद

नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. त्यांचा जन्म इ. स. १७४२ मध्ये सातारा येथे झाला. भानू घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर घाटावर आले आणि इ. स. १७१९ मध्ये दिल्लीच्या मोहिमेत मारले गेले. पुढे फडणिशी या घराण्यात वंशपरंपरेने राहिली. वडील जनार्दन बाळाजी यांच्या मृत्यूनंतर इ. स. १७५६ मध्ये चौदाव्या वर्षी नानांकडे ते पद आले.

इ. स. १७६१ च्या पानिपतच्या संग्रामाच्या वेळी नाना आपल्या आईसह उत्तरेत होते. त्या संहारातून ते कसेबसे निसटले. आई मात्र परत आली नाही. या अनुभवाचे कथन त्यांनी आपल्या अल्प आत्मवृत्तात केले आहे. पानिपतानंतर अवघ्या सात वर्षांनी मेणवलीचे गाव त्यांना मिळाले, हे ध्यानात घेतल्यास नदीकाठी निवांत व सुरक्षित निवासस्थान उभारण्यामागील मानसिकतेचा काहीसा अंदाज येतो. तथापि तो अंदाजच होय. त्यावर अधिक भार टाकणे योग्य ठरणार नाही.

फडणिशी हे मुळात हिशेबाचे आणि नोंदींचे पद होते. जमाखर्च तपासणे, सनदा व आज्ञापत्रांची नोंद ठेवणे, दप्तराची व्यवस्था पाहणे ही त्याची प्रमुख कामे. सरकारी कागद आणि खासगी कागद यांच्यातील सीमारेषा त्या काळी आजच्यासारखी स्पष्ट नव्हती. ज्याच्याकडे पद, त्याच्याच घरी बहुतेक कागद राहत. म्हणूनच फडणिसाचे घर हे केवळ घर नसे, ते राज्याच्या स्मृतीचे कोठारही असे. मेणवलीच्या वाड्याचे ऐतिहासिक महत्त्व या वस्तुस्थितीतून निर्माण झाले आहे.

वाड्याचे बांधकाम इ. स. १७८० च्या सुमारास पूर्ण झाले असे मानले जाते. हा काळ पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा होता. इ. स. १७७५ ते १७८२ या वर्षांत एकीकडे राघोबादादांचे प्रकरण, मुंबईकर इंग्रजांची आक्रमणे, वडगावचा तह आणि अखेर सालबाईचा तह अशा घडामोडी चालू होत्या. इ. स. १७७८ मध्ये नानांचेच चुलतबंधू मोरोबादादा यांनी त्यांच्याविरुद्ध कारस्थान केले होते. अशा धामधुमीच्या काळात राजधानीपासून दूर एका खेड्यात इतके मोठे बांधकाम पुरे होते, यावरून तत्कालीन सत्ताधाऱ्यांच्या दृष्टीने खासगी इनामगावाचे मोल किती होते, हे दिसते. पुण्यातील पद राजकारणाच्या एका लाटेत जाऊ शकत होते. इनाम मात्र वंशाकडे राहील अशी अपेक्षा होती.

वास्तूची रचना : दगड, वीट आणि लाकूड

स्थानिक बोलीत अशा वास्तूंना सरसकट 'दगडी वाडा' म्हटले जाते. मराठा काळातील वाडा मात्र केवळ दगडाचा नसतो. दगड, वीट आणि लाकूड या तिन्हींची कामे वेगवेगळी ठरलेली असतात. जोते आणि भिंतींचा खालचा भाग घडीव काळ्या दगडाचा असतो. सह्याद्रीच्या परिसरात हा बेसाल्ट विपुल मिळतो. तो कठीण असून जमिनीतील ओल वर चढू देत नाही. दर्जा भरण्यासाठी घाणीत मळलेला चुना वापरला जाई. त्यावरील भिंती भाजलेल्या विटांच्या असतात. छताचा आणि मजल्याचा भार मात्र प्रामुख्याने सागवानी खांब, तुळया व कडीपाट यांच्या सांगाड्यावर असतो. त्यामुळे एखादी भिंत खचली तरी छत लगेच कोसळत नाही.

मेणवलीचा वाडा सहा चौकांचा आहे. चौक ही मराठी वाड्याची मूळ संकल्पना होय. मध्ये उघडे अंगण, भोवती ओसरी आणि ओसरीला लागून खोल्या अशी ही मांडणी असते. त्यातून उजेड, वारा आणि पावसाचे पाणी यांची व्यवस्था लागतेच, शिवाय माणसांच्या वावराचीही सीमा आखली जाते. बाहेरच्या चौकात येणाऱ्या-जाणाऱ्यांची व कारकुनांची ये-जा, मधल्या भागात दिवाणखाना व बैठका, तर आतील चौकात माजघर, मुदपाकखाना, कोठी आणि स्त्रियांचा वावर, असा क्रम सर्वसाधारणपणे आढळतो. देवडीवरून आत येणारा मनुष्य कोणत्या चौकापर्यंत जाऊ शकतो, यावरून त्याचा दर्जा ठरत असे. जात, लिंग आणि अधिकार यांची उतरंड वाड्याच्या आराखड्यातच बांधलेली असे, असे म्हणता येईल.

वाड्याला जाड व उंच बाह्य भिंतींचे संरक्षण आहे. आतील भागात लाकडी महिरपी व कोरीव खांब आहेत. वरच्या मजल्यावरील दालनांतील भित्तिचित्रे हे या वाड्याचे वैशिष्ट्य होय. त्यांत गणपती, कृष्णचरित्र आदी धार्मिक विषय आढळतात. मराठा चित्रशैलीची भित्तिचित्रे आज महाराष्ट्रात मोजक्याच ठिकाणी शिल्लक असल्याने कलेतिहासाच्या दृष्टीनेही या दालनांचे महत्त्व आहे. चुन्याच्या गिलाव्यावरील अशा चित्रांना सर्वांत मोठा धोका ओल आणि गळतीचा असतो. म्हणजे छपराची कौले वेळच्या वेळी परतली जाणे, ही साधी घरगुती बाब येथे कलासंवर्धनाची पहिली अट ठरते.

घाट, देवालये आणि घंटा

वाड्याच्या पाठीमागे कृष्णेवर दगडी घाट आहे. त्याची आखणी अर्धचंद्राकृती आहे. पायऱ्यांचे लांबलचक टप्पे नदीच्या पात्राला कवेत घेतल्याप्रमाणे वळतात. घाटावर मेणेश्वराचे शिवालय आणि विष्णूचे देवालय आहे. वाडा आणि घाट यांचा एकत्रित विचार केल्यास एक महत्त्वाची बाब लक्षात येते. वाडा भिंतींनी बंदिस्त आहे, घाट मात्र गावासाठी उघडा आहे. स्नान, पाणी भरणे, धुणे, पर्वकाळ, उत्तरक्रिया अशा नित्य आणि नैमित्तिक प्रसंगी गावाचा जो संबंध या बांधकामाशी आला तो घाटाद्वारे. इनामदाराने गावाला दिलेली सार्वजनिक वास्तू आणि स्वतःसाठी राखलेली खासगी वास्तू यांची ही जोडी आहे. अर्थात घाट 'सार्वजनिक' म्हणताना त्या काळच्या जातिव्यवस्थेने पाणवठ्यांवर घातलेली बंधने विसरता येत नाहीत.

घाटाजवळ एका लहान दगडी मंडपात मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूसह मेरीची आकृती आणि इ. स. १७०७ हे वर्ष आहे. वसईच्या मोहिमेत पोर्तुगिजांकडून मिळालेल्या घंटांपैकी ती एक मानली जाते. वसईच्या विजयानंतर अशा घंटा महाराष्ट्रातील अनेक देवस्थानी गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर आणि भीमाशंकर ही त्यांची परिचित उदाहरणे होत.

या घंटेविषयी 'चिमाजी अप्पांनी वसई जिंकून ही घंटा मेणवलीला आणली' असे विधान अनेकदा केले जाते. कालक्रम पाहता ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. वसई इ. स. १७३९ मध्ये मराठ्यांच्या हाती आली आणि चिमाजी अप्पांचे निधन इ. स. १७४० मध्ये झाले. नाना फडणवीसांचा जन्म इ. स. १७४२ चा, तर मेणवलीचे इनाम इ. स. १७६८ चे. म्हणजे वसईचा विजय आणि मेणवलीचा घाट यांच्यामध्ये किमान तीन दशकांचे अंतर आहे. घंटा वसईची असली तरी ती मध्यंतरी अन्यत्र असली पाहिजे आणि नानांच्या काळात किंवा त्यानंतर मेणवलीला आली असली पाहिजे. विजयचिन्ह म्हणून मिळालेली वस्तू एका पिढीनंतर देवालयाच्या नित्योपचाराचा भाग बनते, हे स्थित्यंतर विजयकथेपेक्षा अधिक अर्थपूर्ण आहे. शिवालयाच्या प्रांगणात दोन शतकांहून अधिक काळ मेरीची आकृती सुरक्षित राहिली. ती घासून टाकण्याची गरज कोणाला वाटली नाही, ही बाबही नोंद घेण्याजोगी आहे.

सत्तांतर आणि वाड्याची मालकी

सवाई माधवराव पेशव्यांच्या इ. स. १७९५ मधील मृत्यूनंतर नानांचे आसन डळमळीत झाले. इ. स. १७९६ मध्ये त्यांना पुणे सोडावे लागले. पुरंदर, सातारा, वाई असा प्रवास करीत ते महाडकडे गेले. सत्तेबाहेर पडलेल्या मुत्सद्द्याने वाईच्या वाटेने कोकणात उतरावे, यात मेणवलीच्या भौगोलिक स्थानाचे महत्त्व सूचित होते. हा परिसर पुण्यापासून पुरेसा दूर आणि कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांना पुरेसा जवळ होता. त्याच वर्षाच्या अखेरीस नाना पुन्हा कारभारात आले. इ. स. १७९७ च्या शेवटच्या दिवशी त्यांना शिंद्यांच्या पक्षाने कैद केले, पुढे सुटका झाली आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नानांना पुत्र नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर दुसऱ्या बाजीरावाने त्यांच्या मालमत्तेवर जप्ती आणली. मागे राहिलेली पत्नी जिऊबाई त्या वेळी अल्पवयीन होती. नानांच्या विश्वासातील धोंडोपंत यांनी लोहगड किल्ला ताब्यात ठेवून तिचा सांभाळ केला. इ. स. १८०२ च्या अखेरीस झालेल्या वसईच्या तहानंतर बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. त्यामुळे या प्रकरणात जनरल आर्थर वेलस्ली यांची मध्यस्थी निर्णायक ठरली. जिऊबाईला इंग्रजांचे संरक्षण आणि वार्षिक १२,००० रुपयांची नेमणूक मिळाली आणि इ. स. १८०४ मध्ये मेणवलीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क मान्य झाला.

मेणवली वाड्याच्या इतिहासातील हा सर्वांत निर्णायक टप्पा होय. तथापि नानांच्या चरित्रांत तो बहुधा समारोपाच्या परिच्छेदात उरकला जातो. वाड्याचा निर्माता नाना असले तरी वाडा वंशाकडे राहिला तो जिऊबाईच्या हक्कामुळे. इंग्रजांनी हा हक्क मान्य केला यामागे केवळ अनुकंपा नव्हती. बाजीरावाच्या सूडबुद्धीला आवर घालणे आणि जुन्या सरदार-मुत्सद्दी घराण्यांना आपल्या हमीखाली आणणे, हे त्यांच्या धोरणाचे अंग होते. कारण काहीही असो, एका अल्पवयीन विधवेच्या नावे मान्य झालेला हक्क हाच पुढील दोन शतकांचा पाया ठरला. पुढे दत्तकाच्या परंपरेने घराणे चालू राहिले.

या पार्श्वभूमीवर पुण्यातील वास्तूंशी तुलना उद्बोधक ठरते. शनिवारवाडा हा पेशव्यांच्या सत्तेचे केंद्र होता. सत्ता गेल्यावर तो वंशाकडे राहिला नाही. कंपनी सरकारच्या ताब्यात असताना इ. स. १८२८ च्या आगीत त्याचे लाकडी मजले जळून गेले. दगडी तट व जोती तेवढी उरली. नानांच्या पुण्यातील वाड्यात पुढे शाळा भरू लागली. मेणवलीचा वाडा मात्र घर म्हणूनच राहिला. शनिवारवाडा आणि मेणवली यांच्या बांधकामाचे साहित्य एकाच प्रकारचे होते. फरक पडला तो मालकीचा आणि वापराचा. ज्या घरात चूल पेटती राहते, त्याची कौले परतली जातात, वाळवी वेळीच दिसते आणि दिवा कोठे ठेवावा याचीही काळजी घेतली जाते.

मेणवली दप्तर : घरापासून दूर गेलेली स्मृती

वाड्याबरोबर वंशजांकडे नानांचे दप्तरही राहिले होते. मोडी लिपीतील पत्रे, हिशेब, बातमीपत्रे, वकिलांची पत्रे अशा कागदांचा हा संग्रह 'मेणवली दप्तर' या नावाने ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी इतिहासाची मूळ साधने शोधण्याची जी चळवळ सुरू झाली, तिच्यात वाई परिसराचे स्थान महत्त्वाचे आहे. वि. का. राजवाडे यांनी इ. स. १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडातील कागद वाईतच सापडले होते. वासुदेवशास्त्री खरे यांनी नानांचे चरित्र लिहिले आणि पटवर्धन दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला.

मेणवली दप्तर उजेडात आणण्याचे श्रेय रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे आहे. इ. स. १९०८ पासून त्यांनी 'इतिहाससंग्रह' या मासिकातून अनेक ऐतिहासिक कागद प्रसिद्ध केले. त्यांचा संग्रह सातारा येथील ऐतिहासिक संग्रहालयाचा गाभा ठरला. पारसनीसांचे निधन इ. स. १९२६ मध्ये झाले. पुढे इ. स. १९३९ मध्ये हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये हलविण्यात आला. त्यामुळे तो संशोधकांना उपलब्ध झाला आणि त्याचे जतनही झाले.

या स्थलांतराचा दुसरा परिणामही लक्षात घेतला पाहिजे. कागद पुण्याला गेले आणि वाडा मेणवलीत राहिला. राजकीय इतिहासाच्या अभ्यासकाला वाड्यात येण्याचे कारण उरले नाही. वाड्यात येणाऱ्या प्रेक्षकाला त्या कागदांची माहिती राहिली नाही. एकाच ऐतिहासिक साधनाचे दोन तुकडे झाले. कागदाशिवाय वाडा हा दंतकथांचा विषय बनतो आणि वाड्याशिवाय कागद हे केवळ राजकारणाचे साधन राहते. घंटेविषयीच्या समजुतीचे उदाहरण वर पाहिलेच आहे. मोडी वाचणाऱ्यांची संख्या घटत असताना ही दरी अधिक रुंद होण्याचा धोका आहे.

इनामाकडून वारशाकडे

वाड्याच्या देखभालीमागे मुळात गावाचे उत्पन्न होते. इ. स. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनला कायदेशीर अधिष्ठान मिळाल्यावर मुंबई इलाख्यातील इनामदारांच्या हक्कांची कसून तपासणी सुरू झाली. स्वातंत्र्योत्तर काळात इ. स. १९५२ च्या कायद्याने मुंबई राज्यातील खासगी इनामे रद्द झाली. कसणाऱ्याच्या दृष्टीने ही न्याय्य व आवश्यक सुधारणा होती, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र वाड्यांच्या इतिहासात तिचा एक अपरिहार्य परिणाम झाला. गावाच्या वसुलावर उभी राहिलेली घरे वसूल थांबल्यावरही उभीच होती. सहा चौकांची कौले, सागवानी तुळया, चुन्याचे गिलावे यांची डागडुजी त्यानंतर कुटुंबाच्या खासगी मिळकतीवर अवलंबून राहिली. महाराष्ट्रातील असंख्य वाडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडले किंवा विकले गेले, त्यांत वारसांमधील वाटण्या आणि शहरांकडील स्थलांतर यांबरोबर हेही एक प्रमुख कारण होते. या पडझडीच्या काळात मेणवलीचा वाडा शिल्लक राहिला, हे विशेष होय.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या परिसराला नवे महत्त्व आले ते चित्रपटांमुळे. 'मृत्युदंड' (१९९७) आणि 'स्वदेस' (२००४) या हिंदी चित्रपटांचे चित्रीकरण येथे झाले. 'स्वदेस'मधील चरणपूर हे काल्पनिक गाव उत्तर भारतातील आहे. 'मृत्युदंड'ची कथा बिहारमध्ये घडते. म्हणजे मेणवलीचा घाट लाखो प्रेक्षकांनी पाहिला, परंतु दुसऱ्याच प्रदेशातील घाट म्हणून पाहिला. यातून गावाला पर्यटक मिळाले, काहींना हंगामी रोजगार मिळाला. वास्तूचे ऐतिहासिक नाव मात्र पडद्यावर आले नाही. नाना फडणवीसांचा घाट 'चित्रीकरणाचे ठिकाण' म्हणून ओळखला जाऊ लागला, हा वारशाच्या बदललेल्या अर्थाचा एक नमुना आहे.

अभ्यासाची अपुरी बाजू

मेणवली वाड्याचा इतिहास आजवर एका नावाभोवती लिहिला गेला. परंतु हे जोते कोणी घडवले, चुन्याच्या घाणी कोणी ओढल्या, लाकूड कोणत्या वाटेने आणले गेले, भित्तिचित्रे रंगविणारे चितारी कोण होते, पडीक जमिनीवर नांगर धरून गाव वसविणारी कुळे कोणती, हे प्रश्नही इतिहासाचेच आहेत. पेशवेकालीन हिशेबांत मजुरी, साहित्य, बिदागी, धान्याचे दर यांच्या नोंदी बारकाईने ठेवल्या जात. त्यामुळे या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे साधन मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना परके नाही. राजकीय पत्रव्यवहारासाठी जे परिश्रम मागील पिढीने घेतले, ते हिशेबाच्या कागदांसाठी घेण्याची आवश्यकता आहे.

या संदर्भात परिसरातील महाविद्यालयांची भूमिका महत्त्वाची ठरू शकते. इतिहास, भूगोल, मराठी आणि अर्थशास्त्र या विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगी कामे येथे आहेत. वास्तूचे मोजमाप व आराखडे तयार करणे, भित्तिचित्रांची छायाचित्रनोंद करणे, गावातील ज्येष्ठांच्या मौखिक आठवणी संकलित करणे आणि विद्यार्थ्यांना मोडी शिकवून हिशेबी कागद वाचण्यास सक्षम करणे, ही त्यांपैकी काही होत. वाडा खासगी मालकीचा असल्याने अशी कामे मालकांच्या संमतीने आणि त्यांच्या निवासाचा मान राखून व्हावीत, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मेणवलीचे इनाम इ. स. १७६८ चे असल्याने वाड्याचा आरंभ नानांच्या सर्वोच्च सत्तेच्या काळापूर्वीचा आहे. सातारा दरबारातील जुने पदाधिकारी आणि पुण्यातील नवे कारभारी यांच्या संबंधांतून तो आकाराला आला.

२. वाडा, घाट व देवालये ही एकाच योजनेची अंगे आहेत. भिंतींआडचे खासगी जीवन आणि नदीकाठचे ग्रामजीवन यांना या योजनेने एकमेकांशेजारी आणले, पण एकमेकांत मिसळू दिले नाही.

३. वसईची घंटा चिमाजी अप्पांनी मेणवलीला आणली ही समजूत कालक्रमाशी जुळत नाही.

४. वाडा टिकण्यामागे दगडी जोत्याइतकाच जिऊबाईच्या नावे मान्य झालेल्या हक्काचा आणि घर म्हणून चालू राहिलेल्या वापराचा वाटा आहे.

५. दप्तर आणि वाडा यांची ताटातूट झाल्याने दोन्हींचा अर्थ अपुरा राहिला आहे. त्यांचा एकत्रित अभ्यास होणे आवश्यक आहे.

नाना फडणवीसांनी आयुष्यभर कागद सांभाळले आणि राज्यही सांभाळण्याचा प्रयत्न केला. राज्य त्यांच्यानंतर अठरा वर्षांत गेले. कागद पुण्यात पोहोचले. मेणवलीत उरले ते घर. त्या घराला निर्मात्याच्या नावापलीकडेही स्वतःचा इतिहास आहे. ते बांधणारे हात, ते राखणारी एक विधवा आणि त्याच्या घाटावर पाणी भरणारे गाव यांना त्या इतिहासात जागा मिळाल्याशिवाय तो पूर्ण होणार नाही.